राजांच्या टोकावरून देवमासे मोजताना



गेल्या हिवाळ्यात आम्ही आठवीच्या वर्गाला समुद्रकिनाऱ्यावर निरीक्षणासाठी नेले होते. प्रत्येकाजवळ एक कागद आणि एक पेन्सिल. दोन तास समुद्राकडे पाहायचे आणि डॉल्फिन दिसला की वेळ व संख्या लिहायची, एवढेच काम होते. त्या सकाळी एकही डॉल्फिन दिसला नाही. परत निघताना कागद गोळा करू लागलो, तर बावीस जणांपैकी फक्त तिघांनी कागद दिले. बाकीच्यांचे उत्तर एकच : "सर, काहीच दिसलं नाही, मग देणार काय?" बहुतेकांनी कागद चुरगळून टाकले होते.

तेव्हा आम्ही रागावलो नाही, पण त्या चुरगळलेल्या कागदांचा विचार मनातून गेला नाही. या अंकातला पाठ त्यासाठीच आहे. तो समजून घ्यायला आपल्याला जरा लांब, पॅसिफिक महासागराच्या काठावरील एका दीपस्तंभापर्यंत जावे लागेल. मात्र सुरुवात आपल्या घराजवळूनच करू.

दोन किनारे, तीच तीन नावे

मांडवीच्या उत्तर काठावर, वेरे गावी, रेईश मागूशचा किल्ला आणि चर्च तुम्ही पाहिले आहे. 'रेईश मागूश' म्हणजे आकाशातल्या ताऱ्याच्या मागोमाग बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे. दर वर्षी ६ जानेवारीला तेथे त्यांचे फेस्त असते आणि तीन मुलगे राजांचा पोषाख करून घोड्यांवरून येतात.

१६०३ साली याच दिवशी, म्हणजे ६ जानेवारीला, सेबास्तियान विस्काइनो नावाचा स्पॅनिश कप्तान उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने जात होता. समुद्रात घुसलेले एक उंच, खडकाळ टोक त्याला लागले. सण तीन राजांचा, म्हणून त्याने त्या टोकाला 'पुंता दे लोस रेयेस' म्हणजे 'राजांचे टोक' असे नाव दिले. आज ते पॉइंट रेयेस म्हणून ओळखले जाते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला ते आहे आणि आजूबाजूचा सारा किनारा राष्ट्रीय उद्यानासारखा राखून ठेवलेला आहे.

नकाशा काढून पाहा. हे टोक किनारा सोडून सुमारे १६ किलोमीटर समुद्रात गेलेले दिसेल. एखाद्याने रस्त्यात पाय पुढे काढून बसावे तसे ते आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या प्रत्येकाला त्याला वळसा घालावा लागतो. जहाजांना तर घालावा लागतोच, आणि देवमाशांनाही लागतो. पहिल्या कारणासाठी तेथे दीपस्तंभ बांधला गेला. दुसऱ्या कारणासाठी आज माणसे तेथे जातात.

टोकावरचा दिवा

पॅसिफिकच्या त्या किनाऱ्यावर पॉइंट रेयेसइतका वारा दुसरीकडे क्वचितच वाहतो, आणि धुके तर आठवडेच्या आठवडे हटत नाही. जहाजे खडकांवर आपटून फुटत. म्हणून १ डिसेंबर १८७० रोजी येथे प्रथम दिवा लागला. दिव्याभोवतीचे मोठे भिंग १८६७ साली फ्रान्समध्ये तयार झाले होते. त्याला फ्रेनेल भिंग म्हणतात. एका जाड भिंगाऐवजी काचेचे अनेक लोलक गोलाकार बसवायचे आणि दिव्याचा विखुरणारा प्रकाश वळवून एकाच दिशेने पाठवायचा, ही त्यामागची युक्ती. या भिंगाला २४ बाजू आहेत आणि ते दोन मिनिटांत एक फेरा पूर्ण करी. म्हणजे दूरच्या जहाजाला किती सेकंदांनी एक झोत दिसत असेल? १२० भागिले २४, म्हणजे ५ सेकंद. प्रत्येक दीपस्तंभाची अशी स्वतःची लय ठरलेली असते. तिच्यावरून खलाशी अंधारातही ओळखतो की आपण कुठे आहोत.

एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. कडा सुमारे १८० मीटर उंच असूनही दीपस्तंभ त्याच्या माथ्यावर नाही. तो मुद्दाम कड्याच्या मध्यावर, खाली बांधला आहे. त्या भागात धुके पुष्कळदा वर तरंगत असते आणि खाली मोकळी जागा उरते. माथ्यावरचा दिवा ढगात बुडाला असता. त्यामुळे आजही पाहुण्याला दीपस्तंभाकडे चढून नव्हे, तर ३१३ पायऱ्या उतरून जावे लागते. चढण परतताना असते! वारा ताशी ६४ किलोमीटरच्या पुढे गेला की पायऱ्या बंद ठेवतात.

भिंग फिरवणारे यंत्र मोठ्या घड्याळासारखे होते. वजन हळूहळू खाली येई आणि भिंग फिरत राही. रात्रभरात दर दोन-अडीच तासांनी कोणीतरी उठून त्याला चावी द्यावी लागे. चौघे रखवालदार आळीपाळीने पहारा करीत. हवामान, धुके आणि दिव्याची स्थिती यांची रोजनिशी ठेवणे हेही त्यांच्या कामातच होते. एकही जहाज गेले नाही अशा रात्रीही पान कोरे सोडायचे नसे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. १९७५ साली स्वयंचलित दिवा आला आणि जुन्या भिंगाला विश्रांती मिळाली. ते भिंग आजही जागच्या जागी जपलेले आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेतल्या दीपस्तंभांचे दिवे देवमाशाच्या तेलावर जळत. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे हे तेल स्वच्छ जळे. शिकार वाढली तसे देवमासे कमी झाले, तेल महाग झाले आणि १८६० च्या दशकापर्यंत दीपस्तंभांनी डुकराच्या चरबीचे तेल वापरायला सुरुवात केली. खलाशांचे प्राण वाचवणारा दिवा असा देवमाशांच्या जिवावर जळत होता.

मासा नव्हे, आपला भाऊबंद

'देवमासा' हे नाव आदराचे आहे, पण शास्त्राच्या दृष्टीने अर्धे चुकीचे आहे. देवमासा मासा नाही. तो आपल्यासारखा सस्तन प्राणी आहे. त्याचे रक्त उष्ण असते, तो फुप्फुसांनी श्वास घेतो, मादी एका वेळी एकच पिलू देते आणि त्याला दूध पाजते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे शेपूट. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते.

चित्रांत देवमाशाच्या डोक्यातून पाण्याचे कारंजे उडताना दाखवतात, तेही खरे नाही. डोक्यावरच्या नाकपुड्यांतून तो जोराने उच्छ्वास टाकतो. त्यातली उबदार वाफ थंड हवेत निवून पांढरा फवारा दिसतो. थंडीच्या सकाळी म्हादईकाठच्या गावात आपल्या तोंडातून वाफ निघते, तसेच हे.

पॉइंट रेयेसवरून सर्वांत जास्त दिसतो तो करडा देवमासा. पूर्ण वाढलेला १२ ते १५ मीटर लांब असतो, म्हणजे आपल्या शाळेच्या बसपेक्षाही लांब. पाठीवर उंच पर नसतो. त्याऐवजी शेपटीकडे लहान लहान उंचवट्यांची रांग असते. अंगावर बार्नेकल चिकटलेले असतात, त्यामुळे रंग पांढुरक्या ठिपक्यांचा करडा दिसतो. याला दात नसतात. वरच्या जबड्यातून गाळणीसारख्या पट्ट्या लोंबतात. तो कुशीवर वळून समुद्राच्या तळाचा चिखल तोंडात ओढतो, पाणी आणि गाळ बाहेर सोडतो, आणि आत राहतात अँफिपॉड. हे आपल्या सुंगटांचे दूरचे, इवलेसे नातेवाईक. एवढा थोरला देह अशा किरकोळ जिवांवर पोसला जातो.

वर्षाची वारी

करड्या देवमाशांचे वर्ष दोन घरांत विभागलेले आहे. उन्हाळ्यात ते उत्तर ध्रुवाजवळच्या बेरिंग आणि चुकची समुद्रांत चरतात. हिवाळा आला की दक्षिणेला निघतात आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ, कोमट खाड्यांत पोचतात. तेथे पिल्ले जन्मतात. नवजात पिलाच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो, म्हणून ही ऊब त्याला हवी असते. जाऊन-येऊन प्रवास १६,००० ते २०,००० किलोमीटरचा. सस्तन प्राण्यांतील सर्वांत लांब प्रवासांत त्याची गणना होते.

या वाटेवर ते फारसे काही खात नाहीत. उन्हाळ्यात अंगावर साठवलेल्या चरबीवर अर्धे वर्ष निभावायचे. मादीने तर त्याच साठ्यातून पिलालाही दूध पाजायचे, आणि त्या दुधात निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो. उन्हाळ्यात पोट भरले नाही, तर हिवाळ्यात उधारी कोण देणार? हा प्रश्नही लक्षात ठेवा.

पॉइंट रेयेससमोरून दक्षिणेकडे जाणाऱ्यांची गर्दी जानेवारीच्या मध्यास असते. परतणाऱ्यांची मार्चच्या मध्यास. सर्वांत शेवटी, एप्रिलअखेरीस आणि मेच्या सुरुवातीस, माता आणि पिल्ले जातात. पिलू लहान, म्हणून आई किनाऱ्याच्या कडेकडेने, सावकाश चालते.

पाहायचे कसे?

दीपस्तंभाजवळ उभे राहणाऱ्याला पहिला अर्धा तास बहुधा पाणीच दिसते. सवय नसलेला डोळा प्रत्येक लाटेच्या फेसाला देवमासा समजतो. जाणकार सांगतात : आधी दुर्बीण लावू नका. साध्या डोळ्यांनी क्षितिजाच्या अलीकडचा पट्टा सावकाश चाळा. फवारा दिसला की जागा धरा, मग दुर्बीण लावा. करड्या देवमाशाचा फवारा तीन-चार मीटर उंच आणि समोरून पाहिल्यास बदामाच्या आकाराचा असतो. तीन ते पाच वेळा फवारा, मग पाठीचा बाक, कधी शेपटीचे दोन पंख पाण्याबाहेर, आणि मग तीन ते पाच मिनिटे काही नाही. पुन्हा वर येईल तो थोडा पुढे. ताशी सहा-सात किलोमीटरने तो चाललेला असतो.

उंचीचा फायदा किती, तेही गणिताने पाहू. मोकळ्या समुद्रावर क्षितिज किती दूर दिसते याचे एक सोपे सूत्र आहे. डोळ्याच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. वाळूवर उभ्या मुलाचा डोळा १ मीटरवर धरला, तर क्षितिज ३.५७ किलोमीटरवर. दीपस्तंभाजवळची उंची सोयीसाठी ८१ मीटर धरू. वर्गमूळ ९, क्षितिज ३२ किलोमीटरवर. एवढ्या लांबचा फवारा दिसत नाही हे खरे, पण जवळच्या पाण्याचा मोठा पट वरून एकदम नजरेखाली येतो. शिवाय जमिनीवरून पाहणाऱ्याचा देवमाशाला काडीचाही त्रास होत नाही. होडी घेऊन पाठलाग करणाऱ्याचा होतो.

शेजारीपाजारी

देवमाशाची वाट पाहताना डोळे रिकामे राहत नाहीत. वसंतात दीपस्तंभाखालच्या खडकांवर 'मर' नावाचे काळे-पांढरे समुद्रपक्षी हजारोंनी दाटीवाटीने बसतात. ते घरटे बांधत नाहीत. उघड्या खडकावर एकच अंडे घालतात, एका टोकाला निमुळते. खालच्या खडकांवर सागरी सिंहांचे भुंकणे ऐकू येते. उन्हाळ्यापासून शरदापर्यंत कुबड्या देवमासेही दिसतात.

जवळच्या वाळूवर डिसेंबरपासून मार्चपर्यंत हत्तीसीलांची वसाहत असते. नराचे नाक लहानशा सोंडेसारखे लोंबते आणि वजन दोन हजार किलोच्या आसपास भरते. या प्राण्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. तेलासाठी त्यांची इतकी कत्तल झाली की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या एका बेटावर शंभराच्या आसपासच उरले होते. १९२२ साली मेक्सिकोने त्यांना संरक्षण दिले. हळूहळू ते उत्तरेकडे पसरले आणि १९८१ पासून पॉइंट रेयेसच्या किनाऱ्यावर त्यांची वीण होऊ लागली. आज त्यांची एकूण संख्या दीड लाखाहून अधिक मानतात. माणसाने हात आवरला तर समुद्र किती परत देतो, याचे हे उदाहरण.

खाली, वर आणि पुन्हा खाली

करड्या देवमाशांची कथाही अशीच सुरू झाली होती. १८५७ च्या सुमारास चार्ल्स स्कॅमन नावाच्या शिकारी कप्तानाला बाहातील त्यांच्या वीणीची खाडी सापडली. मग जहाजे खाडीच्या आत जाऊन माता आणि पिल्लांनाच मारू लागली. पिलासाठी आई होडीवर तुटून पडे, म्हणून शिकाऱ्यांनी तिला 'सैतान मासा' म्हटले! आपण देव म्हणतो, त्यांनी सैतान म्हटले. ती बिचारी फक्त आई होती.

विसाव्या शतकात त्यांच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. १९७२ साली अमेरिकेने समुद्री सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. योगायोगाने आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. कळप इतका वाढला की १९९४ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून त्याचे नाव काढण्यात आले. २०१६ च्या गणतीत संख्या सुमारे २७,००० निघाली. पाठ्यपुस्तकात शोभावी अशी यशोगाथा.

पण ती तेथे संपली नाही. २०१९ पासून किनाऱ्यांवर मेलेले देवमासे येऊ लागले, अनेक अगदी रोडावलेले. २०२३ च्या अखेरीस ही असाधारण मरतूक संपली, तोवर मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडा मिळून ६९० मृत देवमासे मोजले गेले होते. समुद्रात बुडाले ते वेगळेच. यापूर्वी १९९९-२००० मध्येही अशी मरतूक होऊन कळप सावरला होता, म्हणून यावेळीही सावरेल अशी आशा होती. परंतु २०२५ च्या गणतीत संख्या सुमारे १३,००० च आली. नऊ वर्षांत निम्म्याहून कमी. त्या वर्षी उत्तरेकडे गेलेल्या पिल्लांचा अंदाज तर अवघा ८५.

कारण काय? आता कोणी भाले घेऊन मागे लागलेले नाही. शास्त्रज्ञांचे बोट ध्रुवाकडे आहे. समुद्रावरच्या बर्फाखाली शेवाळ वाढते, ते तळाशी पडते, त्यावर अँफिपॉड जगतात आणि अँफिपॉडवर देवमासा. हवा तापली, बर्फ घटला, की या शिडीची खालची पायरी निसटते. उन्हाळ्यात पोट भरत नाही आणि मघाशी विचारलेला प्रश्न पुढे येतो : हिवाळ्यात उधारी कोण देणार? भुकेले देवमासे खाण्याच्या शोधात जहाजांच्या वाटेवर येतात आणि धडकेनेही मरतात.

हे सारे कळले कसे?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. २७,००० आणि १३,००० हे आकडे आले कोठून? समुद्रात कोणी हजेरी घेत नाही.

ते आले किनाऱ्यावर बसून पाहणाऱ्या माणसांकडून. मॉन्टेरे शहराच्या दक्षिणेला ग्रॅनाइट कॅन्यन नावाची जागा आहे. त्या परिसरात १९६७ पासून अनेक हिवाळे निरीक्षक पाळीपाळीने समुद्राकडे पाहत दक्षिणेला जाणारे देवमासे मोजत आले आहेत. आणि मातापिल्लांची मोजणी १९९४ पासून दर वसंतात होते ती एका दीपस्तंभाच्या आवारातूनच. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस यांच्या साधारण मध्यावर पिएद्रास ब्लांकास, म्हणजे 'पांढरे खडक', नावाचा १८७५ चा दीपस्तंभ आहे. रखवालदारांच्या पाळ्या गेल्या, मोजणाऱ्यांच्या पाळ्या आल्या. आता उष्णता टिपणारे कॅमेरेही मदतीला आहेत, पण माणसाचा डोळा आणि नोंद यांवाचून अजून चालत नाही.

रात्री गेलेले, धुक्यात गेलेले, डोळा चुकवून गेलेले कसे मोजायचे? त्यासाठी एक छान युक्ती आहे. समजा, दोन निरीक्षक एकमेकांना न विचारता मोजतात. पहिल्याला २० देवमासे दिसले, दुसऱ्याला १८, आणि वेळ-जागा ताडून पाहिल्यावर १५ दोघांच्याही यादीत निघाले. म्हणजे दुसऱ्याच्या १८ पैकी १५ पहिल्याने टिपले होते. पहिल्याची नजर सहांपैकी पाच पकडते असे दिसते. मग त्याचे २० म्हणजे खऱ्या संख्येच्या सहांपैकी पाच भाग. खरी संख्या २४. दोघांनी मिळून २३ पाहिले, एक दोघांनाही चुकला. न दिसलेला देवमासा असा कागदावर सापडतो. पण दोघांनी आपापले कागद प्रामाणिकपणे भरले असतील तरच!

आता शेवटचे गणित. पाच दिवस मोजणी झाली. आकडे असे : १२, ०, ९, ०, १४. बेरीज ३५, रोजची सरासरी ७. समजा, 'काहीच दिसलं नाही' म्हणून शून्याचे दोन कागद कोणी चुरगळून टाकले. आता बेरीज तीच ३५, पण दिवस तीन. सरासरी जवळजवळ १२. कळप कागदावर एकाएकी दीडपटीहून मोठा झाला. समुद्रात एकही देवमासा वाढला नाही.

मित्रांनो, कळप घटत असतो तेव्हा शून्याचे दिवस वाढत जातात. तेच कागद टाकून दिले, तर घट दिसणारच नाही. सगळे ठीक आहे असे आपण म्हणत राहू आणि कळेल तेव्हा उशीर झालेला असेल. म्हणून शून्य ही रिकामी जागा नाही, ती नोंद आहे. मात्र तिच्याशेजारी आणखी एक गोष्ट लिहायला हवी : हवा कशी होती? स्वच्छ समुद्रावर दोन तास पाहून काही न दिसणे वेगळे, आणि धुक्यामुळे पाहताच न येणे वेगळे. पहिले शून्य आहे. दुसऱ्याला शून्य म्हणता येत नाही. तेथे 'पाहता आले नाही' असेच लिहायचे.

ज्या तिघांनी आमच्याकडे कोरे कागद दिले, त्यांनी त्या दिवशी खरे काम केले होते. बाकीच्यांना हे आधी नीट सांगितले नाही, ही चूक आमची. आता सांगितले आहे.

आपल्या समुद्रात

'एवढ्या लांबची गोष्ट आम्हाला कशाला?' असे कोणी विचारील. तर ऐका. अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांचा एक वेगळा कळप आहे. जगभरचे त्यांचे भाईबंद ध्रुवांकडे जातात; हे जात नाहीत, बारा महिने येथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभराच्याही आत असावी असा अंदाज आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथील एका मादीच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी उपग्रहाला संदेश पाठवणारे छोटे यंत्र बसवले. ती अरबी समुद्र ओलांडून थेट आपल्या गोव्यासमोर आली, तेथून दक्षिणेला कन्याकुमारीपर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली! तिचे नाव लुबान. अरबीत लुबान म्हणजे ऊद, आपल्या 'लोबान' शब्दाचेच भावंड. तीन राजांनी बाळ येशूसाठी आणलेल्या भेटींतही ऊद होता.

आपण त्या दिवसांत शाळेत होतो, बाजारात होतो, कदाचित मिरामारच्या वाळूवर भेळ खात होतो. ती समोरून गेली आणि कोणाच्या कागदावर तिची नोंद नाही. यंत्र नसते तर कळलेही नसते.

आपल्या किनाऱ्याला डॉल्फिन तर रोजचे शेजारी आहेत. देवमासे आणि डॉल्फिन यांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण. पण कायद्याला राखायचे असेल, तर आधी किती आहेत हे कोणीतरी मोजले पाहिजे.

पालक आणि विश्वस्तांना

यंदाच्या हिवाळ्यात आम्ही दर महिन्याच्या एका शनिवारी, सकाळी दोन तास, किनाऱ्यावरील एकाच ठरलेल्या जागेवरून निरीक्षण करणार आहोत. डॉल्फिन दाखवून आणण्याची ही सहल नाही. काही न दिसता परतण्याची तयारी असलेल्यांनीच मुलांना पाठवावे, आणि मूल घरी आल्यावर 'दिसलं का काही?' याऐवजी 'लिहिलंस का?' असे विचारावे, ही पालकांना विनंती. विश्वस्त मंडळींकडे मागणी मोठी नाही : दोन बऱ्यापैकी दुर्बिणी, आणि एक जाड बांधणीची वही जी शाळेच्या कपाटात पुढची वीस वर्षे राहील. आजची नोंद उद्याच्या वर्गाला लागणार आहे.

स्वाध्याय

१. क्षितिजाच्या सूत्राने १६ मीटर आणि ६४ मीटर उंचीवरून क्षितिज किती दूर दिसेल ते काढा. उंची चौपट झाली तर अंतरही चौपट होते का?

२. दोन निरीक्षकांनी अनुक्रमे १२ आणि १० डॉल्फिन पाहिले, त्यांपैकी ८ दोघांच्याही यादीत होते. खरी संख्या किती असावी?

३. फवारा, शेपटी आणि पाठ यांवरून देवमासा माशापेक्षा वेगळा कसा ओळखाल? आकृती काढा.

४. घराच्या गच्चीवरून किंवा अंगणातून सात दिवस, रोज एकाच वेळी पंधरा मिनिटे, कोणताही एक पक्षी मोजा. तारीख, वेळ, हवा आणि संख्या असे चार रकाने आखा. शून्य आले तर शून्य लिहा. तो कागद आम्हाला आणून द्या. कोरा वाटला तरी आणून द्या.